आम्लानं किती खाल्लं? टायटॅनियमचे मेडिकल जॉब साफ आणि पॉलिश करताना

माझे वडील गलाईवाले. विट्याकडची, खानापूर तालुक्यातली माणसं सोनं-चांदी गाळायला देशभर पांगली, त्यात अण्णाही होते. माझं लहानपण केरळात एका सराफी पेठेच्या मागच्या खोलीत गेलं. चांदी नायट्रिकात पडली की तांबूस-तपकिरी धूर उठायचा आणि अण्णा आम्हा पोरांना आधी गल्लीत पिटाळायचे, मग भांड्याकडं बघायचे. त्यांची दुसरी सवय काट्याची. तेजाबात जायच्या आधी वजन, बाहेर आल्यावर वजन, आणि दोन्ही आकडे वहीत. हिशोब लागला नाही तर रात्री जेवण जायचं नाही त्यांना.

आज कुपवाड एमआयडीसीत माझी छोटी शेड आहे. आसपासच्या सीएनसीवाल्यांचे, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या मशीनवाल्यांचे, टायटॅनियमचे जॉब माझ्याकडं येतात: हाडाच्या प्लेटा, स्क्रू, दातांच्या इम्प्लांटचे ॲबटमेंट (इम्प्लांट आणि वरचा दात जोडणारा तुकडा). मी ते साफ करते, आम्लातून काढते, पॉलिश करते आणि पुढं पाठवते. बीएस्सी केमिस्ट्री सांगलीत झालं, पण या धंद्याचा पाया अण्णांच्या त्या दोन सवयींचाच आहे. खाली सगळं त्याच दोन गोष्टींभोवती फिरेल.

सांगली-मिरज पट्ट्यात नवीन पोरं मशीन घेताहेत आणि मेडिकलचं काम उचलताहेत. मिरजेत १८९४ साली वॉनलेस यांचं मिशन हॉस्पिटल सुरू झालं, तेव्हापासून दवाखान्यांचं गाव म्हणून या भागाचं नाव आहे, त्यामुळं असं काम इथं यायचंच. अडचण अशी की बहुतेकांचा हात स्टेनलेसवर, ३१६एल वर बसलेला असतो आणि तेच नियम ते टायटॅनियमला लावतात. दिसायला दोन्ही पांढरे धातू. आम्लात गेल्यावर मात्र दोघांचा स्वभाव पार वेगळा.

धातू ओळखून घ्या

इम्प्लांटमध्ये सर्वांत जास्त चालतो तो सिक्स-फोर: सुमारे सहा टक्के ॲल्युमिनियम, चार टक्के व्हॅनेडियम, बाकी टायटॅनियम. मेडिकलसाठी त्याचा ईएलआय प्रकार लागतो, म्हणजे ऑक्सिजन, लोखंड वगैरे आणखी कमी ठेवलेला. त्याचं प्रमाणपत्र एएसटीएम (अमेरिकेतली मानकं ठरवणारी संस्था) एफ१३६ चं असतं. त्यात हायड्रोजनची कमाल मर्यादा ०.०१२ टक्के आहे, म्हणजे दहा लाखांत १२० भाग. हा आकडा पाठ करा. बार येतो तेव्हा हायड्रोजन मर्यादेत असतो. आम्लाच्या चुकीच्या बाथमध्ये, म्हणजे आम्ल भरलेल्या टाकीत, तो तुम्हीच वाढवून ठेवता. हायड्रोजन धातूत शिरला की आत हायड्राइडच्या सुया तयार होतात आणि जॉब ठिसूळ होतो. वरून काहीच दिसत नाही. धुऊन किंवा साध्या भट्टीत तापवून तो निघत नाही, व्हॅक्यूम भट्टीच लागते.

टायटॅनियम शरीरात टिकतं ते त्याच्यावरच्या ऑक्साइडच्या पापुद्र्यामुळं. तो जेमतेम काही नॅनोमीटर जाड असतो, हवेत आपोआप धरतो आणि खरवडला तरी लगेच परत येतो. स्वीडनचे संशोधक ब्रोनेमार्क यांनी १९६५ मध्ये पहिल्यांदा माणसाच्या जबड्यात टायटॅनियमचे इम्प्लांट बसवले आणि हाड त्यांना धरून वाढलं, त्यातही हाडाशी भेट होते ती या पापुद्र्याचीच. आपलं सगळं काम या पापुद्र्यासाठी आहे. त्याच्याखाली तेल, लोखंडाचा कण किंवा फ्लोराइड अडकलेलं नको.

आम्लाच्या आधीचं काम

जॉब आला की मी आधी सीएनसीवाल्याला तीन प्रश्न विचारते. कूलंटमध्ये क्लोरीनवालं तेल होतं का? बर्र, म्हणजे कापलेल्या कडेचे बारीक काटे, काढायला कशाचा ब्रश वापरला? आणि ब्लास्टिंग केलं असेल तर कशानं?

क्लोरीनचं कारण असं, की क्लोराइड अंगाला राहिलं आणि जॉब ताणात असताना तापवला, तर टायटॅनियमला तडे जाऊ शकतात. म्हणून ट्रायक्लोरोइथिलीनसारखं क्लोरीनवालं सॉल्व्हंट माझ्या शेडमध्ये येत नाही. मिथेनॉलही नाही. कोरडं मिथेनॉल टायटॅनियमला ताणाखाली तडे पाडतं, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं, कारण ते दिसायला साधं स्पिरिट. पुसायला ॲसिटोन किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्या.

ब्रशचं कारण लोखंड. माइल्ड स्टीलचा (एमएसचा) तारेचा ब्रश फिरवला की बारीक लोखंड टायटॅनियमवर सारवलं जातं. पुढं तिथं गंजाचा ठिपका येतो आणि हायड्रोजन शिरायला तीच जागा सोपी होते. आधी एमएसवर वापरलेला ग्राइंडिंग बेल्ट टायटॅनियमवर लावला तरी तेच. टायटॅनियमचे ब्रश, पॉलिश पेपर, ट्रे वेगळे ठेवा आणि त्यांच्यावर रंगाची पट्टी मारा. माझ्याकडं निळी आहे.

ब्लास्टिंगचं म्हणाल तर काचेच्या मण्यांचा कण रुतला असेल तर पुढच्या बाथमध्ये विरघळतो, कारण ते आम्ल काचच खातं. ॲल्युमिनाचा कण तसा विरघळत नाही. आजूबाजूचा धातू खाऊन तो सुटला तर सुटला. इम्प्लांटवर ॲल्युमिनाचे कण राहिल्याची तक्रार या धंद्यात नवी नाही.

मग अल्कलाइन डिटर्जंटनं धुणं. ६० अंश सेल्सिअस, ४० किलोहर्ट्झची अल्ट्रासोनिक टाकी, दहा मिनिटं. प्लेटा एकमेकींवर पडू देऊ नका, चिकटलेल्या जागी तेल तसंच राहतं. पोकळ स्क्रूच्या भोकातून सिरिंजनं डिटर्जंट आरपार मारा. धुऊन झालं की पाण्याची परीक्षा: जॉब पाण्यातून वर काढला की पाण्याचा पडदा सलग राहिला पाहिजे. कुठंही तो फाटून थेंब झाले तर तिथं तेल आहे, परत टाकीत. तेलाच्या डागावर आम्ल नीट लागत नाही, बाजूला मात्र खातं, आणि डागाचा नकाशा कायमचा कोरला जातो.

फोर्जिंगचा किंवा भट्टीतून आलेला जॉब असेल तर आणखी एक भानगड असते. हवेत तापलेल्या टायटॅनियममध्ये ऑक्सिजन आत मुरतो आणि कडक, ठिसूळ कातडं तयार होतं, त्याला अल्फा केस म्हणतात. ते पूर्ण जायला हवं. किती खोल आहे ते एक तुकडा कापून, घासून, मायक्रोहार्डनेस (बारीक टोकानं मोजलेला कडकपणा) घेऊनच कळतं. डोळ्यांनी अंदाज करू नका.

बाथ

टायटॅनियमच्या बाथमध्ये दोन आम्लं असतात, हायड्रोफ्लोरिक आणि नायट्रिक. शेडमध्ये पहिल्याला सगळे एचएफ म्हणतात. एचएफ ऑक्साइडचा पापुद्रा उघडतं आणि धातू विरघळवतं. नायट्रिक दोन कामं करतं: धातू विरघळताना हायड्रोजन तयार होतो, त्याचं पाणी करून टाकतं, आणि पृष्ठभागावर परत ऑक्साइड धरायला मदत करतं. म्हणून नायट्रिक नेहमी भरपूर हवं. एचएफच्या निदान दहा पट, हा जुना आणि भरवशाचा हिशोब. नायट्रिक कमी पडलं की जॉबवर काळसर राखेसारखा थर येतो. तो थर दिसला की हात पुसून पुढं जाऊ नका, हायड्रोजन आत जायला लागल्याची ती खूण आहे.

एएसटीएम बी६०० या मार्गदर्शिकेत ७० टक्क्यांचं नायट्रिक आकारमानानं १० ते ३० टक्के आणि ६० टक्क्यांचं एचएफ १ ते ३ टक्के, तापमान ४९ अंशांच्या खाली, असा पट्टा दिलेला आहे. आपल्याकडं एचएफ बहुधा ४० टक्क्यांचं मिळतं. माझा २० लिटरचा बाथ असा: आधी डीएम (क्षार काढलेलं) पाणी १३.४ लिटर, मग ७० टक्क्यांचं नायट्रिक ६ लिटर सावकाश ढवळत, आणि सगळ्यांत शेवटी एचएफ ६०० मिली. पाण्यात आम्ल, कधीही उलटं नाही. टाकी एचडीपीई किंवा पॉलिप्रोपिलीनची. काचेचं काहीच नको: मोजपात्र नको, थर्मामीटर नको. फायबरचा डक्टसुद्धा नको, कारण फायबरमध्ये काचच असते. आणि पाणी नसलेलं, लाल धुराचं फ्यूमिंग नायट्रिक टायटॅनियमजवळ अजिबात आणू नका, त्यानं स्फोट झालेले आहेत.

आता एचएफबद्दल, आणि इथं मी घाई करणार नाही.

चार वर्षांपूर्वी माझ्याकडच्या एका मुलाच्या हातमोज्याला तर्जनीच्या टोकाशी टाचणीएवढं भोक होतं. दुपारी बाथमधून जाळी काढताना बोट ओलं झालं. जळजळ नाही, लाली नाही. त्यानं नळाखाली हात धुतला आणि काम संपवून सायकलवर घरी गेला. रात्री साडेदहाला त्याच्या आईचा फोन: पोरगं भिंतीला डोकं लावून रडतंय, नखाखाली कुणी सुरी फिरवतंय म्हणतोय. मी गाडीत घालून मिरजेला नेलं. दारातच डॉक्टरांना एचएफ हे नाव सांगितलं म्हणून लगेच कॅल्शियम ग्लुकोनेट सुरू झालं. बोट वाचलं, नख गेलं. चूक माझी होती. हातमोज्यात हवा भरून भोक तपासायचा नियम तोंडी होता, भिंतीवर नव्हता.

एचएफचा घात इथंच आहे. सौम्य आम्ल लागलं तर दुखणं कित्येक तासांनी सुरू होतं, कधी कधी दुसऱ्या दिवशी. तोवर फ्लोराइड कातडीतून आत उतरतं आणि शरीरातलं कॅल्शियम धरून बसतं. जास्त जागेवर किंवा तीव्र आम्ल लागलं तर रक्तातलं कॅल्शियम इतकं खाली येतं की हृदयाचे ठोके बिघडून माणूस जाऊ शकतो. म्हणून:

२.५ टक्के कॅल्शियम ग्लुकोनेटची जेल टाकीजवळ, ऑफिसात आणि गाडीत, तीन ठिकाणी ठेवा. मुदत दर तीन महिन्यांनी बघा. आम्ल लागलं, किंवा लागल्याची नुसती शंका आली, तरी लगेच पाच मिनिटं धारेखाली धुवा, भिजलेला कपडा उतरवा, मग जेल चोळत राहा आणि चोळत चोळतच दवाखान्यात जा. दुखत नाही म्हणून थांबू नका. डोळ्यात गेलं तर जेल घालायची नाही, पाणी आणि दवाखाना. आम्लाची नावं लिहिलेला कागद बरोबर न्या. बाथ सुरू करायच्या आधीच जवळच्या दवाखान्यात जाऊन ही जेल आणि इंजेक्शन आहे का ते विचारून या. आत पातळ नायट्राइल, त्यावर कोपरापर्यंतचे जाड निओप्रीनचे मोजे, पूर्ण चेहऱ्याचं शील्ड, ॲप्रन, गमबूट. शेडमध्ये एकट्यानं बाथ चालवायचा नाही, सुट्टीच्या दिवशी तर नाहीच.

तपकिरी धुराचंही तसंच आहे. नायट्रोजन डायऑक्साइड छातीत गेला की आधी थोडा खोकला येतो, माणूस बरा वाटतो, आणि काही तासांनी फुप्फुसात पाणी भरतं. अण्णांच्या पिढीतल्या गलाईवाल्यांच्या छात्या मी जवळून पाहिल्या आहेत. टाकीच्या काठावर ओढणारा एक्झॉस्ट आणि त्याच्या पुढं धूर धुणारा कॉस्टिकचा स्क्रबर, हा खर्च झेपत असेल तरच या कामात उतरा. स्वयंपाकघरात, गच्चीवर, बादलीत हे काम करायचं नाही.

कूपन

बाथ तयार झाला म्हणून जॉब आत टाकायचे नाहीत. आधी कूपन, म्हणजे चाचणीचा तुकडा.

त्याच हीटच्या, म्हणजे एकाच वितळणीतल्या, मालातून ५० बाय २५ बाय २ मिलिमीटरचा तुकडा कापून घ्या. सगळ्या बाजू धरून त्याचं क्षेत्रफळ २८ चौरस सेंटिमीटर होतं. सिक्स-फोरची घनता ४.४३. दोन्हींचा गुणाकार १२४. म्हणजे कूपनच्या सगळ्या अंगावरून १० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) गेले की वजन १२४ मिलिग्रॅमनं घटतं, आणि एक मायक्रॉन म्हणजे १२.४ मिलिग्रॅम. एक मिलिग्रॅम दाखवणारा सराफी काटा सांगलीत सहज मिळतो. त्यासाठी मोठी लॅब लागत नाही.

कूपन धुवा, वाळवा, वजन करा. दोन मिनिटं बाथमध्ये, सावकाश हलवत. काढा, धुवा, वाळवा, परत वजन. समजा ६२ मिलिग्रॅम गेले. ६२ भागिले १२.४ म्हणजे पाच मायक्रॉन, म्हणजे मिनिटाला अडीच. आता तुम्हाला जॉब किती वेळ ठेवायचा ते माहीत आहे. हा वेग पुस्तकातून घेऊ नका, माझ्याकडूनही घेऊ नका. तो बाथच्या वयावर, तापमानावर आणि धातूच्या हीटवर बदलतो. मी सकाळी एकदा, दुपारी जेवणानंतर एकदा, आणि एचएफ वाढवलं की पुन्हा कूपन टाकते.

तापमानाचं तर आमच्याकडं फारच जपावं लागतं. एप्रिल-मेमध्ये पत्र्याच्या शेडमध्ये चाळीसच्या वर पारा जातो, त्यात विरघळताना बाथ स्वतःही तापतो. तापला की जोरात खातो, जोरात खाल्लं की आणखी तापतो. त्या दोन महिन्यांत मी सकाळी सहा ते दहा एवढंच बाथचं काम ठेवते, टाकी पाण्याच्या मोठ्या टबात बसवते आणि एका वेळी थोडेच जॉब घेते. २५ ते ३० अंश मला ठीक वाटतात.

वेग निम्म्यावर आला की थोडं एचएफ वाढवायचं आणि नायट्रिकचं प्रमाणही परत बघायचं. दोनदा वाढवून झालं की मी तो बाथ बाद करते. धातू जास्त विरघळलेल्या जुन्या बाथमध्ये नुसता वेळ वाढवून काम काढणं मला पटत नाही. जॉबवर ढगाळ डाग येतात आणि मग पॉलिशच्या टेबलावर दोन दिवस जातात.

आटे

धंद्याच्या पहिल्याच वर्षी माझ्या हातून दोनशे स्क्रू गेले. ॲबटमेंटचे बारीक स्क्रू, ६० अंशांचे आटे. सीएनसीवाल्यानं ड्रॉइंगच्या मापावर अचूक करून दिले होते. मी १५ मायक्रॉन काढले, छान उजळले, आणि गेजवर बघते तर नो-गो रिंग, म्हणजे स्क्रू बारीक झाला तरच चढणारी रिंग, सरळ आत. मला वाटलं होतं की दोन बाजूंचे मिळून ३० मायक्रॉन कमी होतील. बाहेरच्या व्यासाचं तेच झालं. पण आट्याच्या उतारावरून आम्ल काटकोनात खातं, त्यामुळं ६० अंशांच्या आट्याचा पिच व्यास, म्हणजे उताराच्या मधोमध मोजलेला व्यास, काढलेल्या जाडीच्या चौपट घटतो. १५ चे ६० झाले. त्या लॉटचे पैसे मी भरून दिले आणि तेव्हापासून कूपनच्या वहीत आट्याचा रकाना वेगळा आहे.

तर आट्याचा जॉब असेल तर लेथवर चढण्याआधी सीएनसीवाल्याशी बसा. आम्लात किती काढायचं ते ठरवा, त्याची चौपट पिच व्यासात आधीच जास्त ठेवून घ्या. हाडाच्या स्क्रूचे आटे बहुधा एका बाजूला जवळजवळ उभे आणि दुसऱ्या बाजूला तिरपे असतात, तिथं चौपटीचा हिशोब लागत नाही. दोन्ही उतारांचे कोन घेऊन वेगळं गणित करा. लॉकिंग प्लेटच्या भोकात आटे असतात, तिथं उलटं होतं, आटा सैल होतो. प्लेट आणि स्क्रू दोन्ही तुमच्याकडून जात असतील तर दोन्हींचा मिळून विचार करा.

पॉलिश

सांगलीत हळद पॉलिश करायचा ड्रम सगळ्यांनी पाहिलेला असतो. हळकुंडं एकमेकांवर आणि जाळीवर घासून वरची साल जाते आणि पिवळा रंग उघडतो. टंबलिंगचं, व्हायब्रो (थरथरून घासणाऱ्या) मशीनचं तत्त्व तेच. रासायनिक पॉलिशमध्ये घासणं नसतं. पृष्ठभागाच्या खाचेत विरघळलेल्या धातूचा दाट थर साचतो आणि तिथं ताजं आम्ल हळू पोचतं. उंचवट्यावर ते लवकर पोचतं. उंचवटे आधी झिजतात आणि पृष्ठभाग सपाट होत जातो.

यातून दोन गोष्टी निघतात. एक म्हणजे खोल ओरखडा आम्लानं जात नाही, फक्त त्याच्या कडा गोल होतात. म्हणून लेथच्या खुणा आधी व्हायब्रोमध्ये किंवा २२०, ४००, ६०० च्या पेपरनं, पाणी घालत, घालवायच्या. दुसरी गोष्ट हलवण्याची. अजिबात हलवलं नाही तर बुडबुडे एकाच वाटेनं वर जातात आणि जॉबवर उभ्या रेघा पडतात. फार जोरात हलवलं तर तो दाट थर धुऊन जातो आणि चमक येत नाही. पाळणा हलवतो तसं, मिनिटाला वीसएक झोके. सपाट तोंड खाली करून जॉब ठेवू नका, बुडबुडे अडकून खड्डे पडतात. बंद भोकाचं तोंड वर आणि थोडं तिरकं.

पॉलिशसाठी माझा बाथ वरचाच, फक्त नायट्रिकचा हात सैल आणि एचएफचा आखडता. २० लिटरला एचएफ ४०० मिली, थंड, आणि एका दमात न करता दोन-दोन मिनिटांच्या फेऱ्या. दर फेरीनंतर धुऊन उजेडात बघायचं. सिक्स-फोरमध्ये दोन वेगळ्या घडणीचे कण मिसळलेले असतात आणि आम्ल दोघांना सारखं खात नाही, त्यामुळं आरशासारखं तोंड दिसेल अशी आशा धरू नका. घासून ठेवलेल्या चांदीच्या ताटासारखी मऊ, एकसारखी चमक येते. इम्प्लांटला बहुतेक वेळा तीच हवी असते. आरसा हवाच असेल तर शेवटचा हात बफचा.

इलेक्ट्रोपॉलिशबद्दल पोरं फार विचारतात. टायटॅनियमचे जुने, नावाजलेले इलेक्ट्रोलाइट परक्लोरिक आम्लाचे आहेत. १९४७ च्या फेब्रुवारीत लॉस एंजेलिसमध्ये परक्लोरिकची पॉलिशची टाकी फुटली, १७ माणसं गेली आणि आजूबाजूच्या शंभरावर इमारतींचं नुकसान झालं. ती टाकी ॲल्युमिनियमच्या कामाची होती, पण परक्लोरिकला धातूशी देणंघेणं नसतं. त्यात सेंद्रिय पदार्थ आणि उष्णता आली की पुरे. लहान शेडमध्ये ते आणू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

धुणं आणि शेवटचा हात

बाथमधून जाळी वर आली की पाच सेकंदांत पहिल्या पाण्यात गेली पाहिजे. हवेत रेंगाळली तर अंगावरचं आम्ल खातच राहतं आणि ओघळाचे डाग पडतात. मग दुसरं वाहतं पाणी, मग तिसरं. भोकांतून परत सिरिंज.

इथं सांगली भागाची एक गोष्ट सांगायलाच हवी. मिरज, पलूस, वाळवा पट्ट्यात जमिनी क्षारपड झालेल्या आहेत आणि बोअरचं पाणी खारट लागतं. एकदा डीएम प्लँट बंद होता म्हणून मी शेवटचं धुणं बोअरच्या पाण्यात केलं. जॉब इथून चकचकीत गेले आणि ग्राहकाकडं ऑटोक्लेव्हमधून तपकिरी ठिपके घेऊन बाहेर आले. पाणी सुकलं, क्षार राहिले. आता शेवटची दोन धुणी डीएम पाण्यातच, आणि बाहेर पडणाऱ्या पाण्याची वाहकता पाच मायक्रोसीमेन्सच्या खाली आल्याशिवाय जॉब उचलत नाही. प्लँट बंद तर काम बंद.

त्यानंतर नायट्रिकमध्ये पॅसिव्हेशन. एएसटीएम एफ८६ मध्ये २० ते ४५ टक्के नायट्रिक, साध्या तापमानाला निदान ३० मिनिटं, असं सांगितलेलं आहे. मी ३० टक्के, ३० मिनिटं ठेवते. टायटॅनियम हवेत स्वतःच पापुद्रा धरतं हे खरं, पण चुकून राहिलेलं लोखंड इथं निघून जातं आणि पापुद्रा एकसारखा होतो. या टाकीत एचएफचा थेंबही यायला नको, म्हणून तिची जाळी वेगळी.

परत डीएम, मग गाळलेल्या गरम हवेनं वाळवणं. यापुढं उघडा हात लावायचा नाही. बोटाचा ठसा दिसत नाही, पण पुढं कुणी ॲनोडायझिंगनं, म्हणजे विजेनं ऑक्साइडचा थर वाढवून, रंग दिला की सोनेरी किंवा निळ्या रंगात तो ठसा जसाच्या तसा उमटतो. मी याचा उपयोग करून घेते. दर लॉटमधलं कूपन कमी व्होल्टला ॲनोडाइझ करून बघते. रंग सगळीकडं एकसारखा आला तर पृष्ठभाग स्वच्छ. ढग दिसले तर लॉट परत धुण्याला. दर काही लॉटनंतर एक नमुना हायड्रोजन तपासणीला पाठवायचा, आणि तो १२० च्या किती खाली आहे ते वहीत लिहायचं. इम्प्लांट किती स्वच्छ असावा याबद्दल आयएसओ १९२२७ हे मानक २०१८ पासून आहे. मोठा ग्राहक ते मागणारच, तेव्हा आधीच वाचून ठेवा.

टाकाऊ बाथ

बाद झालेला बाथ गटारीत, ओढ्यात, मोकळ्या प्लॉटवर जाता कामा नये. इथलं सगळं पाणी शेवटी कृष्णेला जातं. चुन्याची निवळी सावकाश घालत गेलं की फ्लोराइड कॅल्शियमबरोबर खाली बसतं आणि विरघळलेला टायटॅनियमही गाळात येतो. पण कॅल्शियम फ्लोराइड स्वतःही थोडं विरघळतं आणि पाण्यात लिटरला सुमारे आठ मिलिग्रॅम फ्लोराइड राहतं. नदी-नाल्यात सोडायच्या पाण्याची मर्यादा आहे दोन. म्हणजे नुसत्या चुन्यानं भागत नाही. जादा कॅल्शियम क्लोराइड आणि नंतर तुरटी लागते. नायट्रेट तर चुन्यानं जातच नाही, ते पाण्यात तसंच राहतं. म्हणून मी बाद झालेला बाथ प्रक्रिया न करता घातक कचरा उचलणाऱ्या अधिकृत संस्थेला ड्रममध्ये देते आणि शेडमध्ये फक्त धुण्याच्या पाण्यावर प्रक्रिया करते. प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती पहिल्या दिवसापासून हवी, बाथ भरल्यावर नव्हे.

प्रत्येक लॉटचं एक कार्ड असतं. मालाचा हीट नंबर, जॉब किती, बाथ कितव्या दिवसाचा, तापमान, वेळ, कूपनचं आधीचं आणि नंतरचं वजन, काढलेले मायक्रॉन, शेवटच्या पाण्याची वाहकता, कुणी केलं त्याची सही. ते कूपन मी फेकत नाही. सराफ देतात तशा छोट्या पुडीत घालते, पुडीवर लॉटचा नंबर लिहिते आणि कार्डाला टाचून ग्राहकानं सांगितलेली वर्षं पूर्ण होईपर्यंत कपाटात ठेवते. उद्या कुणी त्या लॉटबद्दल विचारायला आलं, तर पुडी उघडून कूपन परत काट्यावर ठेवता येतं.